रविवारचं बोलावणं

सुलभाताई पारख्यांनी अडतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. हजारो लोकांना सुया टोचल्या, दारुड्यांना दम भरला, दोन-तीन डॉक्टरांनासुद्धा तोंडावर सुनावलं. या बाईला कशाचं म्हणून भय नव्हतं. पण शेजारणीला ‘आमच्या चर्चला ये’ एवढं म्हणायला त्यांना सव्वा महिना लागला. आता बोला!

त्याचं झालं असं, की एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, चालू असताना फादरनी प्रवचनात एक नवीनच टूम काढली. फादर मूळचे केरळचे, उज्जैनला येऊन चार वर्षं झालेली, हिंदी अजून थोडी अडखळतच चालायची. ते म्हणाले, “पर्चे नहीं बाँटने हैं। व्हाट्सॅप भी नहीं करना है। हर घर से कोई एक जन, किसी एक के घर जाए और प्यार से कहे, आइए, हमारे साथ बैठिए। ज़बरदस्ती नहीं, लालच नहीं। वो ना कहे, तो चाय पीके वापस आ जाइए।” सगळ्यांनी अशा माना डोलावल्या की जसे काही दुपारीच निघणार आहेत. मग सगळे अंगणात पोहे खायला गेले आणि विषय संपला.

सुलभाताईंचा मात्र संपला नाही. कारण प्रवचन ऐकता ऐकताच त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभं राहिलं होतं, आणि ते काही केल्या हटेना. चारुलताबाई मुजुमदार.

नानाखेड्याच्या त्या कॉलनीत पारखे आणि मुजुमदार यांची घरं एका भिंतीची. बावीस वर्षांचा शेजार. पारखे श्रीरामपूरकडचे ख्रिस्ती, दिलीपरावांच्या रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलेले. मुजुमदार इथलेच, शिंद्यांच्या दफ्तरात सात पिढ्या लेखणी चालवलेले. आता ते दफ्तरही राहिलं नाही आणि ती मिजासही राहिली नाही, पण चारुलताबाई भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागल्या की अजून दरबार भरल्यासारखा वाटायचा. दोघी साठी ओलांडलेल्या, एकमेकींना अगं-तुगं करणाऱ्या. भांडणं तर इतकी झालेली की मोजायची सोय नाही.

आठ महिन्यांपूर्वी चारुलताबाईंचे यजमान गेले. भय्यासाहेब म्हणत सगळे त्यांना. सकाळी फिरून आले, चहा मागितला आणि चहा गाळून होईपर्यंत खेळ आटोपला होता. तेव्हापासून चारुलताबाईंनी देवघरात बसणं सोडलं. सुनेला, प्राजक्ताला, सांगितलं, “दिवा तूच लाव.” लोकांना वाटलं, बाईंचा विश्वास उडाला. खरं काय ते फक्त सुलभाताईंना माहीत होतं.

“समोर बसले ना, की मी त्यांच्याशी भांडायलाच लागते गं,” चारुलताबाई एकदा जिन्यात बसून म्हणाल्या होत्या. “सासूबाईंच्या हातचे देव आहेत ते, त्यांच्याशी कसलं भांडायचं? रामघाटावर गेले, तर तिथं आमचे उपाध्ये. ‘अरेरे, भय्यासाहेब गए’ करत तेच रडायला लागले, मीच त्यांना पाणी दिलं. मला ना, जिथं कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी देवाजवळ जरा गप्प बसायचंय. रडू आलं तर रडायचंय. बस. इतके महिने झाले, एक टिपूस आलेलं नाही डोळ्यात.”

हे वाक्य सुलभाताईंच्या मनात घर करून बसलं होतं. त्यात फादरचं ते प्रवचन. पण तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. दिवस कसे आहेत हे काय त्यांना कळत नव्हतं? दिलीपरावांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगून टाकलं होतं, “उद्या कॉलनीत बोंब होईल, पारख्यांनी विधवा बाई गाठली म्हणून. कशाला फुकटचं लचांड?” आणि पुण्याहून रोहन फोनवर म्हणाला, “आई, तू प्लीज नको त्या भानगडीत पडू.” सुलभाताईंना दोघांचं पटतही होतं आणि दोघांचा रागही येत होता.

शेवटी एका शनिवारी मटार सोलता सोलता त्या एकदम म्हणून गेल्या, “उद्या माझ्याबरोबर चर्चला येशील? काही करायचं नाही. नुसतं बसायचं.”

चारुलताबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “एवढं विचारायला महिनाभर तोंड पाडून हिंडत होतीस? मला वाटलं तुला शुगर निघाली!”

“म्हणजे येशील?”

“येईन की. तू माझ्याकडे बावीस वर्षं हळदीकुंकवाला येतेस, मी बाटवलं का तुला?”

झालं! सुलभाताईंना इतका आनंद झाला की त्यांनी सोललेले मटार टरफलांच्या टोपलीत टाकले. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. टिकली लावलेली चालते का? चपला कुठं काढायच्या? नारळ आणू का? सुलभाताईंनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला समजावतात तशा सगळ्या सूचना दिल्या. टिकली लाव, नारळ नको, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, थैली फिरली तर पैसे टाकायची सक्ती नाही. एवढं सगळं सांगितलं आणि जे सांगायचं तेच राहिलं.

कारण ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. माणूस आपल्या घरात रोज चालतो, त्याला उंबरठा कुठं दिसतो?

रविवारी चारुलताबाई मोतिया रंगाची साडी नेसून आल्या. दुसऱ्या बाकावर, सुलभाताईंच्या शेजारी बसल्या. हिंदी भजनं सुरू झाली, पेटी-तबला लागला, तशा त्या हलकेच ठेका धरायला लागल्या. मग एका वेळी सगळं चर्च शांत झालं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि खांदे सैल सोडले. सुलभाताईंनी तिरप्या नजरेनं ते पाहिलं. आठ महिन्यांत ही बाई पहिल्यांदा आपलं ओझं खाली ठेवून बसली आहे, असं त्यांना वाटलं.

मग कम्युनियनची वेळ झाली. येशूचं शरीर म्हणून जी पातळ पांढरी भाकर फादर एकेकाच्या हातावर ठेवतात, ती घ्यायला लोक रांगेत उभे राहिले. ती फक्त बाप्तिस्मा घेऊन त्या घरचे झालेल्यांनाच देतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुलभाताई सवयीनं उठल्या, रांगेतून गेल्या, भाकर घेतली, जागेवर आल्या आणि गुडघे टेकून डोळे मिटून घेतले. मन भरून देवाचे आभार मानत होत्या त्या. चारुलतासाठी.

डोळे उघडले तर शेजारी कुणी नाही.

चारुलताबाई वेदीजवळच्या खांबापाशी उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घेतलेला, डावा तळवा खाली, उजवा वर, ओंजळ पुढे केलेली. देवळात आयुष्यभर जसा हात पुढे केला, तसाच. त्या रांगेत शिरल्या होत्या. फादरनी हळूच विचारलं होतं, “आप ईसाई हैं?” त्या म्हणाल्या, “नहीं.” मग फादरनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि नजरेनं पुढे व्हायला सांगितलं. चारुलताबाईंना वाटलं, संपलं असेल, आतून आणतील. म्हणून त्या बाजूला होऊन वाट बघत थांबल्या. रांग पुढे सरकत होती, एकेकाच्या हातावर पडत होतं आणि ही बाई हात पसरून उभी. कॉयरमधल्या सुमनताईंनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दोन बाकं वळून बघायला लागली.

सुलभाताई उठल्या. त्या धावतच गेल्या. “चारू, चल, बसू या.”

“थांब ना, माझं राहिलंय.”

“अगं... तुला नाही मिळत ते.”

“का?”

आता भर चर्चमध्ये काय सांगणार? “मागाहून सांगते,” एवढंच त्या म्हणाल्या. चारुलताबाईंनी एकदा सुलभाताईंकडे बघितलं, एकदा वळलेल्या त्या माना बघितल्या आणि सगळं समजल्या. हात खाली घेतले. मधल्या वाटेनं ताठ मानेनं चालत दाराबाहेर गेल्या, चपला घातल्या आणि रिक्षा करून घरी निघून गेल्या. सुलभाताई फाटकापर्यंत पोचल्या तेव्हा रिक्षा वळलीसुद्धा होती.

त्या दिवशी फोन लागला नाही. सोमवारी वाजून वाजून बंद झाला. मंगळवारी सुलभाताई सरळ जाऊन दारात उभ्या राहिल्या. दार चारुलताबाईंनीच उघडलं, पण ‘ये’ म्हणाल्या नाहीत. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“चुकलं माझं,” सुलभाताई म्हणाल्या.

“काय चुकलं ते तरी कळलंय का तुला?” चारुलताबाईंचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागत होतं. “मला काही मिळालं नाही म्हणून मी चिडलेय असं वाटतं तुला? तुमचे नियम असतील, असू देत. आमच्याकडेही काय कमी आहेत? पण माणसाला जेवायला बोलवायचं, पान मांडायचं, आणि पंगतीत सगळ्यांना वाढून झालं की त्याला म्हणायचं, तुला नाही! कुठली रीत ही?”

“मला सुचलंच नाही गं सांगायचं...”

“मला कसं सुचतं मग? तू आमच्याकडे सत्यनारायणाला येतेस, पण प्रसाद घेत नाहीस. पहिल्याच वर्षी बघितलं मी, तू शिऱ्याचा द्रोण हळूच दिलीपरावांच्या पिशवीत सरकवलास. विचारलं का मी तुला कधी? पुढच्या वर्षापासून नैवेद्य दाखवायच्या आधी एक वाटी शिरा बाजूला काढून ठेवते. तुझ्यासाठी. तुझ्या हातात दरवर्षी तीच वाटी देते मी. का, तर माझ्या घरून माझी मैत्रीण तोंड लपवून जाऊ नये.”

सुलभाताईंना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो शिरा खाताना त्यांना वाटायचं, आज जेवणातला गोड पदार्थ शिरा आहे. लाजेनं त्यांचे कान तापले.

“आणि मी काय मागत होते?” आता मात्र चारुलताबाईंचा आवाज फाटला. “जरा गप्प बसायला जागा. तिथं डोळे मिटले आणि वाटलं, आता येईल रडू. आता येईल. आणि तेवढ्यात सगळ्या गावासमोर हात पसरून उभी राहिले मी, भिकारणीसारखी.” त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

सुलभाताई घरी येऊन ओट्याशी उभ्या राहून रडल्या. दिलीपरावांनी पेपर खाली ठेवला आणि चहा करून दिला. ‘मी सांगितलं होतं’ असं ते म्हणाले नाहीत, त्याबद्दल त्यांना दहा गुण दिले पाहिजेत.

शुक्रवारी त्या फादरना भेटायला गेल्या. रागानंच गेल्या. “एक बार दे देते तो क्या आसमान गिरता?” आल्या आल्या त्यांनी तोफ डागली.

फादरचाही चेहरा आठवडाभर झोप नसल्यासारखा होता. “वो रोटी मेरी नहीं है, सिस्टर,” ते म्हणाले. नर्स म्हणून ते त्यांना सिस्टरच म्हणत. “मेरी होती तो पूरी थाली दे देता। लेकिन मुझे रुककर उनसे बात करनी थी। मैंने लाइन देखी, उनको नहीं देखा। मेरी ग़लती है।” मग म्हणाले, त्यांना हवं तर पुढच्या वेळी छातीवर दोन्ही हात बांधून रांगेत येऊ देत, मी आशीर्वाद देईन.

“सगळे हात पुढं करणार आणि ती एकटी हात बांधणार?” सुलभाताई मराठीतच बोलून गेल्या. फादरना शब्द कळले नसतील, पण त्यांनी मान खाली घातली.

घरी येताना सुलभाताईंनी बराच विचार केला. सोपा रस्ता होता, गप्प बसायचं. पंधरा दिवसांनी कुठल्या तरी निमित्तानं बोलणं सुरू झालंच असतं, लोणच्याच्या कैऱ्या आल्या असत्या, कुणाचं बारसं निघालं असतं. पण मग चारूला ती बसायची जागा कधीच मिळाली नसती. आपल्या हलगर्जीपणामुळे ती जागा तिच्यासाठी कायमची बंद झाली, हे ओझं घेऊन सुलभाताईंना मरायचं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी त्या पुन्हा त्याच दारात गेल्या. या वेळी काही लपवायचं नाही असं ठरवूनच. “चारू, उद्या चर्चला ये.”

चारुलताबाई बघतच राहिल्या. “वेड लागलंय का तुला?”

“ऐक आधी. भाकर तुला मिळणार नाही. उद्याही नाही, पुढच्या रविवारीही नाही. ती घ्यायची तर बाप्तिस्मा घ्यावा लागतो, त्याआधी वर्षभर शिकावं लागतं, आणि त्यासाठी मी तुला बोलावत नाहीये. तुला कधी वाटलं तर तुझं तू बघ, नाही वाटलं तर नाही. पण तिथं मला बरं वाटतं. माझं जे जे फुटलं ते मी तिथं नेऊन ठेवलं. मला वाटतं तिथं माझा देव खरोखर असतो, आणि तू त्याच्याजवळ बसावंस. एवढंच आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं.”

“म्हणजे परत रिकाम्या हातानंच यायचं.”

“हो.”

“आणि तरी बोलावतेस?”

“हो,” सुलभाताई म्हणाल्या.

चारुलताबाई बराच वेळ दाराची कडी चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, “बघते.” आणि आत गेल्या.

रविवारी सुलभाताई एकट्याच गेल्या. बोलावून झालं होतं, ओढून न्यायचं नव्हतं. पहिलं भजन झालं, वाचन झालं, प्रवचन सुरू झालं आणि त्यांनी आशा सोडली. तेवढ्यात मागे दाराशी चपला काढल्याचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं. शेवटच्या बाकाच्या कडेला, अगदी दाराजवळ, चारुलताबाई बसल्या होत्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली, कधीही उठून जाता येईल अशा बेतानं.

सुलभाताई दुसऱ्या बाकावरून उठल्या आणि भर प्रवचनात सगळ्यांच्या देखत मागे चालत जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. फादर क्षणभर थांबले आणि पुढे बोलायला लागले. चारुलताबाईंनी जरा सरकून जागा दिली.

कम्युनियन सुरू झालं. बाकांमागून बाकं रिकामी व्हायला लागली. त्यांचं बाक आलं, तशी पलीकडची मंडळी त्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत निघाली.

“जा ना,” चारुलताबाई पुटपुटल्या. “मी बसते इथं. या वेळी मला माहितीये.”

“मी नाही जात.”

“म्हणजे?”

“तू इथं, तर मी पण इथं.”

सुलभाताई नऊ वर्षांच्या असताना श्रीरामपूरला पहिल्यांदा त्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. तेव्हापासून चर्चमध्ये असून ती रांग त्यांनी कधी चुकवली नव्हती. आई गेली त्या दिवशी नाही, रोहनच्या वेळी नववा महिना भरलेला असताना नाही. आज त्यांना भूक लागल्यासारखं होत होतं, खरीखुरी, पोटातली. हात मांडीवर आवळून त्या बसून राहिल्या.

“अगं, लोक बघताहेत,” चारुलताबाई कुजबुजल्या.

“बघू देत.”

“माझ्यापायी देवाला नाही म्हणतेस?”

“देवाला नाही म्हणत नाहीये. तुझ्याजवळ बसलेय. त्याला कळतं तेवढं.”

रांगेचं शेवटचं माणूस गेलं. फादरनी मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं. दोन म्हाताऱ्या बायका, चारही हात रिकामे. ते काही क्षण तसेच उभे राहिले, मग वेदीकडे वळले.

सगळं चर्च शांत झालं. आणि सुलभाताईंना शेजारून एक हुंदका ऐकू आला. मग दुसरा. चारुलताबाईंनी पदर तोंडात कोंबला होता, पण आठ महिन्यांचं थांबलेलं ते पदरानं थोडंच थांबणार होतं? खांदे गदगदत होते. “चहा गाळत होते गं मी,” त्या म्हणत होत्या, “नुसता चहा गाळत होते.” सुलभाताईंनी त्यांना उगी म्हटलं नाही, पाणी आणू का विचारलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसतं खांद्याला खांदा लावून बसून राहिल्या. कुणीही वळून पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी दोघींपैकी कुणाला त्याचं काही वाटलं नसतं.

मिस्सा संपली, लोक पोह्यांकडे गेले, पेटीवर कापड पडलं, तरी त्या दोघी बसूनच होत्या. शेवटी चारुलताबाईंनी नाक पुसलं, टिकली चाचपून नीट केली आणि पुन्हा मुजुमदारांच्या सूनबाई झाल्या.

“पुढच्या रविवारी येईन की नाही, सांगत नाही,” त्या उठता उठता म्हणाल्या. “पण तू शनिवारी बोलवायला ये. घरी येऊन बोलव, फोन चालायचा नाही. आणि दारातूनच जाऊ नकोस, आत ये.”